वांगानुईचा पूर्व काठ

आमचं गाव मरायला टेकलंय, असं मला गेल्या आठ वर्षांत निदान चाळीस जणांनी सांगितलंय. पहिला मान भाड्याचं घर दाखवणाऱ्या एजंटाचा. २०११ च्या मार्चमध्ये आमच्या हातात किल्ली देताना तो म्हणाला, "गाव छान आहे, पण तरुण माणसं इथे टिकत नाहीत." मी तेहतीस वर्षांची होते, कडेवर चार वर्षांची मुलगी होती आणि मी त्याच्यासमोर दोन सुटकेसी घेऊन उभी होते. मला तेव्हाच राग आला.

वांगानुई कुठे आहे हे न्यूझीलंडमधल्या मराठी माणसालाही नकाशा उघडून दाखवावं लागतं. उत्तर बेटाचा पश्चिम किनारा, ऑकलंडपासून गाडीने सहा तास, वेलिंग्टनपासून अडीच. मधल्या ज्वालामुखींवरून एक लांबलचक नदी निघते, दऱ्यांतून वळणं घेत घेत खाली येते आणि आमच्या गावाच्या मधोमध जाऊन काळ्या वाळूच्या समुद्राला मिळते. पश्चिमेच्या काठावर बाजारपेठ, दगडी इमारती, कचेऱ्या. पूर्वेच्या काठावर एक टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी नदीला लागून रस्ता आणि रस्त्याला लागून लाकडी घरं. टेकडीच्या पोटात बोगदा आहे आणि बोगद्याच्या टोकाला वर जायची जुनी लिफ्ट. वर गेलं आणि हवा स्वच्छ असली की एका बाजूला एक बर्फाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे दोन्ही एकदम दिसतात. एवढं सगळं असलेल्या गावाला लोक "तिकडे काय आहे?" विचारतात.

आम्ही इथे आलो ते माझ्या नोकरीमुळे. मी ड्राफ्ट्समन आहे, म्हणजे नकाशे काढते. पुण्यात पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनींचे काढत होते, इथेही तेच. पाच माणसांचं छोटं इंजिनिअरिंग ऑफिस, त्यातली एक मी. नवरा माझ्या व्हिसावर आला. हे वाक्य आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या घशाखाली अजून उतरत नाही. सहा महिन्यांनी त्याला एका दुधाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालं. तो शांत माणूस आहे, वाद घालत नाही. आमच्या घरातला वादाचा सगळा कोटा मीच वापरते.

पहिल्याच आठवड्यात मी पुलावर उभी राहिले आणि नदी उलटी वाहताना पाहिली. समुद्राकडून डोंगराकडे. एक ओंडका माझ्या पायाखालून उलट्या दिशेने निवांत चालला होता. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की इथे काहीतरी भयंकर झालंय. बाजूने जाणाऱ्या बाईंनी मला समजावलं की भरती आहे, रोज दोनदा येते. मी पुण्याची. आमच्या मुठेत वर्षातले दहा महिने पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त, ती कुठल्या दिशेने वाहते हे कुणी विचारतसुद्धा नाही. सिव्हिलचा डिप्लोमा असून मला भरतीची नदी माहीत नव्हती, ही गोष्ट ऑफिसात वर्षभर सांगितली गेली.

२०१३ मध्ये आम्ही पूर्व काठावर घर घेतलं. काठावर घेऊ नका असं एजंटापासून माझ्या साहेबापर्यंत सगळे म्हणाले. मी घेतलं. मला स्वयंपाक करताना वाहतं पाणी दिसायला हवं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा ते परवडत होतं.

शेजारच्या घरात आंटी राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, माओरी. त्यांच्या आया-आज्या याच नदीच्या वरच्या अंगाच्या. रस्त्यावरची सगळी माणसं त्यांना आंटीच म्हणायची, म्हणून आम्हीही. त्या इंग्रजीत बोलायच्या, पण माझ्या आठवणीत त्यांचं सगळं बोलणं मराठीतच आहे, तेव्हा तसंच लिहिते. गावाचा इतिहास मला त्यांनी सांगितला, कुंपणावर कोपरं टेकून, तुकड्या-तुकड्यांनी. नदीवर आधी गावंच गावं होती. मग गोरे आले, त्यांच्या आगबोटी वरपर्यंत जाव्यात म्हणून ईल मासे धरायचे लाकडी बांध उखडून टाकले. मग बंदर आलं, लोकर आली, रेल्वेचे कारखाने आले आणि एकेक करून गेलेही. डोंगरातलं वरचं पाणी विजेसाठी बोगद्यांतून दुसरीकडे वळवलं. नदी आमची आहे असं त्यांच्या लोकांनी शंभराहून जास्त वर्षं सरकारला सांगितलं, अर्ज केले, खटले लढवले. "थकला नाहीत?" मी विचारलं. "थकलो की. पण जायचं कुठे?" आंटी म्हणाल्या.

आता मुद्द्यावर येते. २०१४ चा गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. गावात मराठी घर आमचं एकच, त्यामुळे गुरुजी म्हणजे पुण्याहून आणलेली सीडी. सीडीवरचे गुरुजी सांगतात तसं करायचं. ते थांबले की आपण थांबायचं, पॉज दाबायचा, कापूस शोधायचा, पुन्हा सुरू. त्या वर्षी मी आंटींना बोलावलं. त्या केसांत फूल घालून आल्या, बूट दाराबाहेर काढले आणि मुलीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. सीडी लागली. नवऱ्याने उजव्या हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सुरू झाला.

पूजा झाल्यावर आंटींनी विचारलं, "तो पाणी हातात घेऊन काय म्हणत होता? लांबलचक?"

मी सांगितलं, की देवाला आधी आपला पत्ता सांगायचा असतो. कुठल्या द्वीपावर, कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर आपण बसलो आहोत. मग साल, महिना, तिथी, नाव. मग काय करणार आहोत ते.

"हे तर आमच्यासारखंच," त्या खूश झाल्या. "आम्हीपण ओळख करून द्यायला उभं राहिलो की आधी डोंगर सांगतो, मग नदी, आणि स्वतःचं नाव शेवटी. मग तुम्ही कुठली नदी सांगितलीत?"

"गोदावरी. गोदावरीचा दक्षिण तीर."

"ती कुठे आली?"

"भारतात. इथून बारा हजार किलोमीटर."

आंटींनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर, रस्त्यापलीकडे, नदी भरतीने काठोकाठ होती. "आणि ही इथे बसलीये," त्या म्हणाल्या. "ऐकत. जरा रूडच, नाही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला इतकी लाज वाटली की मी मोदकाचं ताट पुढे करून विषय बदलला. बरं, गोदावरी तरी आमची कुठली? मी जन्मात दोनदा पाहिलेली, दोन्ही वेळा नाशिकला, बसच्या खिडकीतून. पुण्यात बसून गोदावरीचा दक्षिण तीर म्हटलं तर निदान नकाशावर खरं तरी होतं. इथे ते साफ खोटं होतं आणि चार वर्षं आम्ही ते देवासमोर, हातात पाणी घेऊन, सीडीच्या मागोमाग म्हणत होतो. नकाशे काढून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात पत्ता चुकीचा! नवरा म्हणाला, "अगं, भावना महत्त्वाची." मी म्हटलं, पोस्टमनला सांगून बघ.

२०१५ च्या जूनमध्ये पूर आला. वरच्या डोंगरांत पाऊस कोसळला आणि एका शनिवारी दुपारी आम्हाला घर सोडायला सांगितलं. आम्ही मुलीचे कपडे, पासपोर्ट आणि देव घेतले आणि टेकडीवर माझ्या साहेबाच्या घरी गेलो. परत आलो तेव्हा नदी पुन्हा आपल्या जागी होती आणि घरात गुडघाभर गाळ होता. राखाडी, चिकट, सांडपाण्याच्या वासाचा. फ्रीज आडवा पडला होता. मुलीच्या चित्रकलेच्या वह्यांचा लगदा झाला होता. मी दारात उभी राहून मोठ्याने रडले. मुलगी माझ्याकडे बघत होती तरी मला थांबता आलं नाही.

आंटींच्या घरात पाणी शिरलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी जुन्या कुठल्या तरी पुरानंतर घर उचलून उंच खांबांवर बसवलं होतं. त्या गमबूट घालून, फावडं घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या मागोमाग दोन दिवसांत अकरा अनोळखी माणसं आली. कुणी नाव विचारलं नाही, कुणी चहासाठी थांबलं नाही. एका बाईने तर आमची चादरी-पांघरुणं तिच्या घरी नेऊन धुऊन, घड्या घालून आणून दिली. मरायला टेकलेलं गाव ते हे.

मग फोन सुरू झाले. ऑकलंडचे, पुण्याचे, एक तर दुबईचा. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. सगळ्यात जास्त फोन ऑकलंडमध्ये बॉटनी डाउन्सला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे. आम्ही पुण्यात एकाच वर्गात होतो, ती जीव लावणारी आहे, पण तिला वाटतं ऑकलंडच्या पूर्व भागाबाहेर माणसं राहत नाहीत. "अगं, तू इथे ये ना सरळ," ती म्हणायची. "हीप्स ऑफ मराठी लोक आहेत. मराठी शाळा दहा मिनिटांवर. गणपतीला हॉल भरतो. तुझी लेक तिथे कोणाशी बोलणार आहे मराठीत, त्या माओरी आजीशी? आणि पुन्हा पूर आला तर?"

पुढच्याच महिन्यात नवऱ्याला ऑकलंडच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली. त्याने अर्ज केला होता. मला न सांगता. हे मात्र मला लागलं.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "तू ऐकून घेतलं नसतंस." आम्ही साहेबाच्या गॅरेजवरच्या खोलीत राहत होतो, तिथल्या छोट्या टेबलाशी बसलो होतो. "इथे आपलं कोण आहे, सांग ना. पोरगी मराठीत उत्तर देत नाही. सणाला आपण तिघंच. आणि पुढच्या वेळी पाणी एवढ्यावरच थांबेल असं कोण सांगणार?"

त्याचं सगळं खरं होतं, म्हणूनच मी चिडले. त्या दिवसांत मी ऑफिसात पुराचा नकाशा काढत होते. झाडांवर, खांबांवर, कुंपणांवर कचरा जिथे अडकला होता त्या उंचीच्या खुणा घ्यायच्या आणि पाणी कुठवर आलं त्याची रेघ ओढायची. साहेब म्हणाला होता, तुमचा रस्ता दुसरं कुणी करेल, तू करू नकोस. मी म्हटलं, माझ्या रस्त्याची रेघ माझ्याइतकी अचूक कोण काढणार? आंटींच्या जिन्याच्या खांबावर त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने केलेल्या जुन्या पुरांच्या खुणाही मी टेप लावून मोजल्या. पाण्यात गेलेली घरं निळी दाखवायची. आमचं घर मी स्वतः निळ्या रंगात घातलं.

"तूच निळं केलंयस ना आपलं घर?" नवरा म्हणाला.

"केलं. पाणी येणार हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. मग घर उंच करू. आंटींच्या वडिलांना जमलं, मला नाही जमणार?"

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर बघू. पण घाबरून नाही जायचं मला."

खरं सांगायचं तर मी घाबरलेलीच होते. पुराला कमी, आणि आपण नुसत्या हट्टापायी मुलीला एकटं पाडतोय की काय, याला जास्त. पण कुणी मला "तिथे तुमचं कोण आहे" असं विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर ती घड्या घातलेली चादर यायची. अकरा माणसं आमच्या घरातला गाळ उपसून गेली होती, तरी आमचं तिथे कुणी नाही म्हणायचं? हे मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

ऑगस्टअखेर आम्ही घराच्या मागच्या दोन खोल्यांत परत राहायला आलो. पुढच्या खोलीच्या भिंती कमरेपर्यंत उघड्या होत्या, आतली लाकडं दिसत होती आणि हवा कोरडी करायचं मशीन दिवसभर घरघरत होतं. सप्टेंबरात गणपती. नवरा म्हणाला, बसवू या, या घरातला शेवटचा. ते ऐकून मी पाट पुसायला घेतला. सीडी पुरात गेली होती, म्हणून त्याने त्यांच्या घराण्याच्या गुरुजींना पुण्याला फोन केला. चतुर्थीच्या दिवशी गुरुजींना मान वर करायला वेळ नसतो, पण आमचे साडेदहा म्हणजे त्यांचे पहाटेचे चार. तेवढ्यात पहिली पूजा व्हिडिओवर उरकतो म्हणाले.

गणपती मुलीने शाळेतल्या मातीचा केला होता. एक कान मोठा झाला होता. उघड्या लाकडांसमोर पाट मांडला, मशीन बंद केलं, आंटी आल्या. टॅबलेटवर गुरुजी दिसले, ओल्या केसांचे, उपरणं घेतलेले, मागे टेबलावर स्कूटरचं हेल्मेट. नवऱ्याने आचमन केलं, हातावर पाणी घेतलं. गुरुजी झरझर पुढे निघाले. जंबुद्वीप झालं, दंडकारण्य झालं आणि "गोदावर्याः दक्षिणे तीरे" आलं.

"थांबा गुरुजी," मी म्हटलं.

ते थांबले. "काय झालं वहिनी? आवाज येत नाहीये का?"

"आवाज येतोय. आम्ही गोदावरीवर नाही बसलेलो. वांगानुई नदी आहे इथली. आम्ही तिच्या पूर्व तीरावर आहोत. तसं म्हणा."

"अहो, संकल्पात नदी अशी बदलायची म्हणजे..."

"म्हणजे काय? देवाला खोटा पत्ता द्यायचा का? तीन महिन्यांपूर्वी ही नदी या खोलीत आली होती, गुरुजी. मी तुम्हाला भिंतीवरची रेघ दाखवते." आणि मी खरोखरच टॅबलेट उचलून भिंतीकडे फिरवला.

त्यांनी वाकून रेघ पाहिली. मग गुरुजी म्हणाले, "तसं पाहिलं तर नियम तोच आहे. जिथे बसलात तिथलंच सांगायचं. लोक विचारत नाहीत, म्हणून आम्ही आपलं नेहमीचं म्हणतो. जंबुद्वीपाचं काय ते माझ्यावर सोडा. नदीचं नाव पुन्हा सांगा."

"वां-गा-नु-ई," मुलगी मागून म्हणाली. "इट्स नॉट दॅट हार्ड, गुरुजी."

गुरुजींनी म्हटलं. "वांगानुई-नद्याः पूर्वे तीरे." आंटींनी ते नाव ऐकलं आणि त्या एकदम ताठ बसल्या. आता नवऱ्याने म्हणायचं होतं. तो म्हणेना. त्याच्या तळव्यातलं पाणी बोटांच्या फटींतून थेंब थेंब गळत होतं.

"मी नाही म्हणणार," तो हळूच म्हणाला. रागाने नाही. "देवासमोर सांगायचं की मी या काठावरचा आणि नोव्हेंबरात निघून जायचं? गोदावरीचं म्हटलं तर निदान कुणाला लागत नाही. हे नाव घेऊन मला खोटं नाही बोलायचं."

तेव्हा मला कळलं की त्याने नोकरी आधीच घेतली आहे. हेही त्याने मला सांगितलं नव्हतं, देवालाच पहिल्यांदा सांगितलं. मला रडू आलं नाही. अंगात नुसती एक गरम तिडीक उठली.

"मग ऊठ," मी म्हटलं. "मी बसते."

तो उठला. मी पाटावर बसले. गुरुजी चाचरले, "वहिनी, यजमान म्हणजे..."

"गुरुजी, घर माझ्या नावावर, व्हिसा माझ्या नावावर, आणि पुरानंतर महिनाभर पाय माझे गाळात. यजमान मीच."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना उजाडायच्या आत पुढचं घर गाठायचं होतं. "बरं. उजव्या हातावर पाणी घ्या," ते म्हणाले. मुलीने पळीने माझ्या तळव्यावर पाणी घातलं, जरा जास्तच. मी म्हटलं, माझ्या नावासकट, नदीच्या नावासकट, तीरासकट, आणि पाणी तामणात सोडलं. आजवर दर वर्षी मी बाजूला बसून नवऱ्याच्या हाताला हात लावत आले होते. त्या दिवशी त्याने माझ्या हाताला हात लावला नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन नारळ फोडत बसला.

नोव्हेंबरात तो गेला. भांडून नाही, गाडीत त्याचे कपडे, कुकर आणि एक गादी भरायला मीच मदत केली. महिन्यातून दोनदा सहा तास गाडी चालवून यायचा, झोपायचा, मुलीला सिनेमाला न्यायचा आणि जायचा. बॉटनीच्या मैत्रिणीने मला स्पष्ट विचारलं, "सगळं ठीक आहे ना तुमचं?" पुण्याहून सासूबाईंनी विचारलं नाही, पण फोनवर त्यांचा श्वास ऐकू यायचा. मला एकटं वाटायचं. रविवारी दुपारी तर फारच. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला ऑकलंडला नेलं असतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी घर उचलून घेतलं. इथली घरं लाकडाची आणि हलकी असतात. खाली जॅक लावतात आणि इंच इंच करत सगळं घर वर घेतात. आमचं दीड मीटर वर घेतलं आणि नवे खांब बसेपर्यंत आठवडाभर ते ओंडक्यांच्या चौकटींवर हवेत उभं होतं, खिडक्यांना पडदे तसेच. आंटी आपल्या व्हरांड्यात खुर्ची टाकून चहा पीत बघत बसायच्या आणि कामगारांना सूचना द्यायच्या. मुलगी शाळेत सांगून आली की आमचं घर जंप करतंय. खांबांचं ड्रॉइंग मी काढलं होतं. ते आजही ऑफिसात माझ्या टेबलामागे लावलेलं आहे आणि कुणी गाव मरतंय म्हणालं की मी खुर्ची जरा बाजूला सरकवते.

२०१७ मध्ये सरकारने कायदा करून नदीला माणसासारखे हक्क दिले. डोंगरापासून समुद्रापर्यंतची अख्खी नदी कायद्याने एक व्यक्ती. मैत्रिणीने फोन करून विचारलं, "काय गं, तुमची नदी माणूस झाली म्हणे? मग मतदानाला येणार का?" मी म्हटलं, "आपल्याकडे नदीला आई म्हणतात आणि तिच्यात गटार सोडतात. इथे आई म्हणायच्या आधी वकील दिलाय. मला हे जास्त बरं वाटतं." आंटींना मी अभिनंदन म्हटलं तर त्या म्हणाल्या, "आम्हाला माहीतच होतं. त्यांना उशिरा कळलं." आणि कुंपणावर डोकं टेकवून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

त्याच वर्षी जूनच्या थंडीत, एका रविवारी दुपारी, नवऱ्याचा फोन आला. मागे माणसांचा कलकलाट होता, भांड्यांचे आवाज होते. बॉटनीला त्याच मैत्रिणीकडे सत्यनारायण होता. ती आणि तिचा नवरा पूजेला बसणार होते, पण त्याची पाठ धरली, म्हणून ऐन वेळी माझ्या नवऱ्याला बसवलं. तो घराबाहेर येऊन फोन करत होता.

"पूजा झाली?" मी विचारलं.

"झाली. दुसरं कोणीतरी बसलं."

"का?"

"संकल्पाला पाणी घेतलं हातावर. तिथले गुरुजी म्हणाले, गोदावर्याः दक्षिणे तीरे. आणि माझ्याच्याने म्हणवेना." तो म्हणाला. "मी म्हटलं, इथली नदी कुठली? कुणालाच माहीत नाही. चाळीस माणसं होती. मॉलच्या मागे एक ओढा आहे म्हणाले, त्याचं नाव कुणाला येईना. सगळे हसायला लागले. गुरुजी म्हणाले, तुम्ही कुठले? तर मी म्हटलं, मी वांगानुईच्या पूर्व काठावरचा."

मी उठून खिडकीशी गेले.

"आणि हातातल्या पाण्याचं काय केलंस?" मी विचारलं.

"पिऊन टाकलं," तो म्हणाला. "सगळे बघत होते. कुठे टाकणार?"

मी हसायला लागले, आणि हसता हसताच रडायलाही. दीड वर्ष मी त्याला एकदाही ये म्हटलं नव्हतं. अभिमान म्हणा, माज म्हणा. त्याला वाटायचं मला तो नकोय, आणि मला वाटायचं ये म्हटलं की मी हरले.

"शनिवारी ये," मी म्हटलं.

"येतोच आहे ना, या शनिवारी माझी पाळीच आहे."

"तसं नाही. कुकर घेऊन ये. गादी घेऊन ये. तिथे काही ठेवू नकोस."